सक्रिय आणि निष्क्रिय निधींचा संयोग : एका गुंतवणूक-विचाराची ऐतिहासिक मीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

सामान्य बचतदाराने आपली पुंजी तज्ज्ञ व्यवस्थापकाच्या निवडीवर सोपवावी, की निवडीचा आग्रह सोडून ती बाजाराच्या निर्देशांकाशी बांधून टाकावी, हा गुंतवणुकीच्या व्यवहारातील एक मूलभूत वाद आहे. पहिल्या प्रकारच्या निधीत कोणते शेअर घ्यावयाचे, कोणते विकावयाचे आणि केव्हा, याचा निर्णय व्यवस्थापक करतो. यास सक्रिय निधी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात निर्देशांकात जे शेअर ज्या प्रमाणात असतील ते त्याच प्रमाणात धारण केले जातात आणि व्यवस्थापकाच्या मताला वाव राहत नाही; हा निष्क्रिय निधी होय. अलीकडे या दोहोंचा एकत्र उपयोग करण्याकडे व्यक्तिगत गुंतवणूकदारांचा कल वाढला असून पुंजीचा मोठा भाग निष्क्रिय निधीत आणि लहान भाग सक्रिय निधीत ठेवण्याच्या या पद्धतीस ‘गाभा आणि उपग्रह’ असे नाव पडले आहे.

या वादाचा इतिहास बहुधा एका सरळ विजययात्रेच्या रूपाने सांगितला जातो : प्रथम तज्ज्ञांचे युग होते, पुढे संशोधनाने त्यांचे अपयश उघडे केले आणि १९७६ मध्ये निर्देशांक-निधीचा उदय झाला. या मांडणीत संयोगाला केवळ एका तडजोडीचे स्थान उरते. ज्याचा निश्चय होत नाही त्याने दोन्हीकडे थोडेथोडे ठेवावे, इतकाच तिचा अर्थ. परंतु गेल्या दीडशे वर्षांचा वृत्तान्त बारकाईने पाहिला असता निराळे चित्र दिसते. दोन्ही पद्धती एकमेकींच्या दोषांवरील उपाय म्हणून आळीपाळीने पुढे आल्या. त्यांच्या संयोगाला स्वतंत्र शास्त्रीय आधार मिळाला. आणि त्या संयोगाचे यशापयश दोन पद्धतींच्या गुणांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून राहिले. ती गोष्ट म्हणजे दोहोंचे प्रमाण कोणाच्या हाती आहे आणि ते पुंजीच्या मालकाला दिसते की नाही. प्रस्तुत विवेचनाचा रोख याच मुद्द्यावर आहे.

२. विश्वस्तनिधींचा काळ

लहान बचतदारासाठी सामुदायिक गुंतवणुकीचा जो पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला, तो १८६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेला ‘फॉरिन अँड कलोनियल गव्हर्न्मेंट ट्रस्ट’ होय. मोठ्या भांडवलदाराला अनेक रोख्यांत पैसा विखरून जी सुरक्षितता साधता येते, ती मध्यम ऐपतीच्या माणसालाही मिळवून द्यावी, हा त्याच्या प्रवर्तकांचा उघड हेतू होता. पैसा परदेशी व वसाहतींच्या सरकारांच्या १८ कर्जरोख्यांत गुंतविण्यात आला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, प्रारंभीच्या या निधीत खरेदी-विक्रीची उलाढाल अपेक्षितच नव्हती. रोखे एकदा ठरले, ते विश्वस्तांच्या ताब्यात गेले आणि त्यांवरील व्याज वाटले जाऊ लागले. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा निधी निष्क्रिय वृत्तीचा होता. मात्र त्यावेळी निर्देशांकाची कल्पनाच रूढ नसल्यामुळे आरंभीची निवड प्रवर्तकांच्या मतावर अवलंबून होती. १८७९ मध्ये त्याचे कंपनीत रूपांतर झाले. दरम्यान १८७३ साली डंडी येथे रॉबर्ट फ्लेमिंग यांच्या पुढाकाराने ‘स्कॉटिश अमेरिकन इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट’ निघाला. अमेरिकन रेल्वेच्या रोख्यांचा प्रत्यक्ष अभ्यास करून निवड करणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. अशा रीतीने विखुरणी आणि निवड ही दोन तत्त्वे आरंभापासूनच शेजारीशेजारी नांदत होती.

अमेरिकेत या दोन तत्त्वांची फारकत १९२९ च्या घसरणीने घडवून आणली. १९२० च्या दशकात तेथे व्यवस्थापकांच्या हाती अनिर्बंध अधिकार देणाऱ्या, शिवाय कर्ज काढून शेअर घेणाऱ्या गुंतवणूक-कंपन्यांचे पेव फुटले होते. बाजार कोसळताच कर्जाच्या ओझ्याखाली त्यांतील अनेक चिरडल्या गेल्या आणि व्यवस्थापक या संस्थेवरचाच लोकांचा विश्वास उडाला. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९३० आणि १९३१ मध्ये ‘स्थिर निधीं’ची लाट आली. या निधींत शेअरांची यादी करारातच लिहिलेली असे आणि व्यवस्थापकाला ती बदलण्याचा अधिकार नसे. मनुष्याच्या चुकीपासून आणि लबाडीपासून बचतदाराचे रक्षण करण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न होता. परंतु त्याच कराराने त्यांचा घात केला. लाभांश थांबलेल्या कंपनीचे शेअर विकून टाकले पाहिजेत, अशी अट अनेक करारांत असे. मंदीच्या खोल गर्तेत एकामागून एक कंपन्यांनी लाभांश थांबविले, तेव्हा नेमक्या अत्यंत पडलेल्या भावाने हे निधी विक्री करीत राहिले. विवेकाला पूर्ण रजा दिल्याचा हा परिणाम होता.

स्थिर निधींची लाट काही वर्षांत ओसरली. १९३५ साली तीस कंपन्यांच्या ठराविक यादीवर सुरू झालेला ‘कॉर्पोरेट लीडर्स ट्रस्ट’ यासारखे मोजके अपवाद टिकले. मध्यंतरी बोस्टन येथे मार्च १९२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मॅसॅच्युसेट्स इन्व्हेस्टर्स ट्रस्ट’ने तिसरा मार्ग दाखविला होता : व्यवस्थापन असावे, पण धारकाला त्या दिवसाच्या मालमत्ता-मूल्याने आपला हिस्सा परत करता यावा. १९४० च्या गुंतवणूक-कंपनी कायद्याने अमेरिकेत या क्षेत्राला शिस्त लावल्यानंतर हाच नमुना प्रमुख झाला. या दशकातील अनुभवाचे सार असे की, अनिर्बंध निवड आणि संपूर्ण जखडबंदी ही दोन्ही टोके अवघ्या पाच वर्षांच्या आत बचतदाराला महाग पडली.

३. मोजमापाचा उदय

या वादाला मताच्या पातळीवरून मोजमापाच्या पातळीवर आणण्याचे श्रेय आल्फ्रेड काउल्स यांच्याकडे जाते. १९३३ साली ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकात त्यांनी शेअरबाजाराचे भाकीत करणाऱ्यांची कामगिरी तपासली. १६ वित्तीय सल्लासंस्थांनी १९२८ पासून १९३२ च्या मध्यापर्यंत केलेल्या सुमारे ७,५०० शिफारशींची सरासरी कामगिरी सर्वसाधारण शेअरांपेक्षा वर्षाला १.४३ टक्क्यांनी कमी भरली. २० अग्निविमा-कंपन्यांची गुंतवणूकही सरासरीपेक्षा १.२० टक्क्यांनी मागे होती. पुढे मायकेल जेन्सेन यांनी १९६८ मध्ये ११५ निधींचा १९४५ ते १९६४ या कालखंडातील हिशेब मांडला. पत्करलेला धोका लक्षात घेता आणि खर्च वजा जाता हे निधी सरासरीने वर्षाला १.१ टक्के मागे राहिले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तरीही संशोधनाचे निष्कर्ष व्यवहारात उतरावयास बराच काळ लागला. १९६० साली ‘फायनॅन्शियल अ‍ॅनालिस्ट्स जर्नल’मध्ये रेन्शॉ आणि फेल्डस्टीन यांनी व्यवस्थापनरहित गुंतवणूक-कंपनीचा प्रस्ताव मांडला. त्याला त्याच नियतकालिकात ‘जॉन बी. आर्मस्ट्राँग’ या टोपणनावाने उत्तर देणारा लेखक वेलिंग्टन कंपनीतील तरुण अधिकारी जॉन बोगल हा होता. व्यवस्थापित निधींचे त्याने हिरिरीने समर्थन केले. पुढे निर्देशांक-निधीचा सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ता ठरलेल्या माणसाने आरंभी प्रतिपक्ष सांभाळला, ही गोष्ट मनोरंजक तर आहेच. परंतु तिचे खरे महत्त्व असे की, दोन्ही पक्ष एकाच व्यवसायाच्या, पुष्कळदा एकाच संस्थेच्या पोटात वाढले हे तिच्यावरून स्पष्ट होते.

प्रत्यक्ष निर्देशांक-निधीची पहिली उभारणी सान फ्रान्सिस्कोच्या वेल्स फार्गो बँकेत झाली. १९७१ मध्ये सॅमसोनाइट कंपनीच्या निवृत्तिवेतन-निधीचे ६० लक्ष डॉलर न्यूयॉर्क शेअरबाजारात नोंदलेल्या सुमारे दीड हजार कंपन्यांत समसमान विभागून गुंतविण्यात आले. भाव बदलले की समान वाटणी बिघडे आणि ती पुन्हा जुळविण्यासाठी सतत खरेदी-विक्री करावी लागे. त्यामुळे ही योजना खर्चिक व कटकटीची ठरली. कंपनीच्या एकूण बाजारमूल्याच्या प्रमाणात शेअर धारण केले तर प्रमाण आपोआप राखले जाते, हा धडा या अनुभवाने पक्का केला आणि पाचशे कंपन्यांचा निर्देशांक हा पुढील निधींचा आधार झाला.

४. १९७३ : संयोगाचे शास्त्र

निष्क्रिय गुंतवणुकीच्या इतिहासात १९७१ आणि १९७६ या सनांचा उल्लेख वारंवार होतो. संयोगाच्या इतिहासात मात्र १९७३ हे वर्ष अधिक मोलाचे आहे. त्या वर्षी जॅक ट्रेनर आणि फिशर ब्लॅक यांनी ‘जर्नल ऑफ बिझनेस’मध्ये शेअर-विश्लेषणाचा उपयोग गुंतवणूक-संचाच्या निवडीत कसा करावा, याची गणिती मांडणी प्रसिद्ध केली. यांतील ब्लॅक हे वेल्स फार्गोच्या निर्देशांक-प्रकल्पाचेही सल्लागार होते.

त्यांच्या विवेचनाचा गाभा पुढीलप्रमाणे सांगता येईल. ज्या शेअरांविषयी विश्लेषकाचे काही विशेष मत नाही, त्यांच्याबाबत संपूर्ण बाजाराचा प्रातिनिधिक संच धारण करणे हेच शहाणपणाचे. ज्या थोड्या शेअरांचे मोल बाजाराने चुकीचे ठरविले आहे असे त्याला वाटते, त्यांचा एक वेगळा सक्रिय संच करावा. त्या संचात प्रत्येक शेअरचे प्रमाण दोन गोष्टींवर ठरावे : अपेक्षित जादा लाभ किती आहे, आणि बाजाराशी संबंध नसलेला, त्या शेअरचा स्वतःचा असा धोका किती आहे. लाभ अधिक तर प्रमाण अधिक; स्वतंत्र धोका अधिक तर प्रमाण कमी. शेवटी सक्रिय संच आणि बाजार-संच यांची वाटणी विश्लेषकाच्या भाकितांच्या सिद्ध झालेल्या विश्वासार्हतेनुसार करावी. भाकिते जितकी कच्ची, तितका सक्रिय भाग आक्रसत जातो. भाकितांत काहीच अर्थ नसेल तर तो शून्यावर येतो आणि उरतो तो केवळ निर्देशांक.

या मांडणीने वादाचे स्वरूपच पालटले. सक्रिय की निष्क्रिय, हा प्रश्न श्रद्धेचा न राहता प्रमाणाचा झाला. संयोग म्हणजे अनिश्चयातून केलेली तडजोड नव्हे, तर स्वतःच्या ज्ञानाच्या मर्यादेचा हिशेब होय, हे त्यातून प्रतिपादिले गेले. तसेच दोन्ही भाग वेगवेगळे ठेवले तरच हा हिशेब करता येतो, हीही अट त्यात अनुस्यूत होती.

पुढील दोनतीन वर्षांत घटना झपाट्याने घडल्या. १९७४ मध्ये पॉल सॅम्युअल्सन यांनी व्यवस्थापकांना त्यांच्या कौशल्याचा पुरावा देण्याचे आव्हान केले. त्याच वर्षी अमेरिकेत निवृत्तिवेतनविषयक कायदा होऊन विश्वस्तांवर विखुरणीची जबाबदारी आली. १९७५ मध्ये चार्ल्स एलिस यांनी असा युक्तिवाद केला की, बाजारातील बहुसंख्य व्यवहार आता कुशल व्यावसायिकच करीत असल्यामुळे त्यांनी परस्परांवर मात करणे दुष्कर झाले आहे. १९७६ च्या ऑगस्टमध्ये व्हॅनगार्डचा पहिला निर्देशांक-निधी सामान्य लोकांसाठी खुला झाला. १५ कोटी डॉलरांची अपेक्षा असता जेमतेम १ कोटी १३ लक्ष जमले. व्हॅनगार्डने त्याच वेळी वेलिंग्टनचे जुने सक्रिय निधीही चालू ठेवले, हे बहुधा विसरले जाते. एकाच छताखाली दोन्ही प्रकार, परंतु निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या खर्चाने उपलब्ध असल्यामुळे त्यांचे प्रमाण ठरविणे प्रथमच सामान्य बचतदाराच्या हाती आले.

५. खर्चाचा हिशेब

या विचारसरणीला अत्यंत साधे पण अभेद्य रूप दिले ते विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये. बाजारातील सर्व निष्क्रिय गुंतवणूकदार मिळून बाजाराचाच एक प्रातिनिधिक तुकडा धारण करतात. म्हणून उरलेले सर्व सक्रिय गुंतवणूकदार मिळूनही बाजारच धारण करतात. खर्चापूर्वी दोन्ही गटांची सरासरी समान असते आणि सक्रिय गटाचा खर्च अधिक असल्याने खर्चानंतर त्याची सरासरी कमी असलीच पाहिजे. यासाठी बाजार कार्यक्षम आहे असे गृहीत धरण्याची गरज नाही. केवळ बेरीज-वजाबाकी पुरेशी आहे. मात्र प्रत्येक सक्रिय निधी मागेच राहील असे हा युक्तिवाद सांगत नाही. उलट ग्रॉसमन आणि स्टिग्लिट्झ यांनी १९८० मध्येच दाखविले होते की, भावात सर्व माहिती अगोदरच उतरलेली असेल तर माहिती मिळविण्याचा खर्च कोणीच करणार नाही. निष्क्रिय गुंतवणूकदार ज्या भावांवर विसंबतो, ते भाव सक्रिय गुंतवणूकदारांच्या श्रमातूनच घडतात. दोन्ही पद्धती या अर्थाने परस्परावलंबी आहेत.

व्यक्तिगत गुंतवणुकीत या हिशेबाचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. १०० रुपयांपैकी ७० रुपये ०.२ टक्के खर्चाच्या निर्देशांक-निधीत आणि ३० रुपये १.५ टक्के खर्चाच्या सक्रिय निधीत ठेवले, तर वर्षाचा खर्च १४ पैसे अधिक ४५ पैसे, म्हणजे ५९ पैसे होतो. पुंजीचा तिसरा हिस्साही नसलेला भाग एकूण खर्चाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भार घेतो. त्या भागाने खरोखर निराळे काही केले तरच हा खर्च सार्थ होईल. परंतु समजा, त्या सक्रिय निधीची ८० टक्के गुंतवणूक निर्देशांकाशीच जुळते. तो ८० टक्के भाग धारकाला ०.२ टक्के दराने अन्यत्र मिळू शकला असता. तेव्हा व्यवस्थापकाच्या खऱ्या निवडीच्या २० टक्के भागाला पडणारा खर्च जवळजवळ ६.७ टक्के होतो. नावाने सक्रिय पण वस्तुतः निर्देशांकाची छाया असलेले असे निधी ओळखण्याचे एक माप क्रेमर्स आणि पेटाजिस्टो यांनी २००९ मध्ये रूढ केले. निधीची धारणा निर्देशांकापासून किती टक्के भिन्न आहे, हे त्यावरून कळते. असे पाच-सहा निधी एकत्र घेणारा बचतदार संयोग साधत नाही. तो महागडा निर्देशांक विकत घेत असतो. एका व्यवस्थापकाने विकलेले शेअर दुसऱ्याने घ्यावेत आणि मध्ये दोघांचे शुल्क मात्र मालकाने भरावे, असा तो प्रकार असतो.

६. मुंबईचा अनुभव

भारतात हा सर्व इतिहास उशिरा आणि वेगळ्या क्रमाने घडला. १९६३ च्या कायद्यान्वये १ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत ‘युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या जुलैत ‘युनिट योजना १९६४’ सुरू झाली. दहा रुपये दर्शनी किमतीचे हे युनिट पगारदार, निवृत्त आणि विधवा यांच्या बचतीचे विश्वासाचे ठिकाण बनले. सार्वजनिक क्षेत्रातील इतर संस्थांना १९८७ पासून आणि खाजगी कंपन्यांना १९९३ पासून हे क्षेत्र खुले होईपर्यंत बचतदाराला दुसरा पर्याय जवळजवळ नव्हताच.

ही योजना स्वतःच एक संयोग होती. तिच्यात कर्जरोखेही होते आणि शेअरही. परंतु त्यांचे परस्परप्रमाण युनिटधारकाच्या डोळ्यांआड ठरत होते, आणि युनिटची किंमत मालमत्तेच्या बाजारमूल्यावर नव्हे तर प्रशासकीय निर्णयाने जाहीर होत होती. १९९० च्या दशकात शेअरांचा वाटा पुष्कळ वाढला. योजनेचे बाह्य रूप मात्र निश्चित उत्पन्नाच्या ठेवीसारखेच राहिले. ऑक्टोबर १९९८ मध्ये योजनेची राखीव गंगाजळी उणे झाल्याचे उघड झाले. दीपक पारेख समितीने किंमत मालमत्ता-मूल्याशी जोडण्याची शिफारस केली. पण तिची पूर्तता होण्यापूर्वीच जुलै २००१ मध्ये युनिटांची विक्री व पुनर्खरेदी स्थगित करावी लागली. तत्पूर्वीच्या महिन्यांत काही मोठ्या संस्थांनी आपल्या रकमा काढून घेतल्या होत्या. अडकून पडला तो मुख्यतः लहान धारक. २००२ च्या कायद्याने संस्थेचे विभाजन झाले. या प्रकरणाचे खापर सक्रिय व्यवस्थापनावर फोडले जाते, ते अपुरे आहे. कोणत्याही पद्धतीचा दोष सुधारता येतो, तो दिसत असेल तर. येथे धारकाला ना धोका दिसत होता, ना त्याचे प्रमाण, ना खरी किंमत.

निर्देशांकांची पायाभरणी याच काळात होत होती. मुंबई शेअरबाजाराचा तीस कंपन्यांचा संवेदनशील निर्देशांक १९८६ मध्ये आणि राष्ट्रीय शेअरबाजाराचा पन्नास कंपन्यांचा निफ्टी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांवर आधारलेले निधी १९९० च्या दशकाच्या अखेरीस निघाले, आणि शेअरबाजारात शेअरप्रमाणे खरेदी-विक्री होणारा निफ्टीवरचा पहिला निधी जानेवारी २००२ मध्ये नोंदला गेला. तथापि बाजार अजून उथळ होता, कंपन्यांविषयीची माहिती असमान होती आणि निर्देशांकावर मात करणारे व्यवस्थापक विरळ नव्हते. त्यामुळे कित्येक वर्षे निष्क्रिय निधींकडे कोणी फारसे वळले नाही.

परिस्थिती पालटली ती मुख्यतः नियामकाच्या निर्णयांनी. जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाचे शुल्क वगळून थेट योजना घेण्याची सोय झाली. ऑगस्ट २०१५ पासून कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीने नव्या रकमेचा ५ टक्के भाग निर्देशांकाधारित निधीत घालण्यास आरंभ केला. हे प्रमाण पुढे १५ टक्क्यांपर्यंत वाढले. ऑक्टोबर २०१७ च्या आदेशाने मोठ्या कंपन्यांच्या योजनांना किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवणे आवश्यक झाले, आणि फेब्रुवारी २०१८ पासून कामगिरीची तुलना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी करणे बंधनकारक झाले. त्यापूर्वी निधी स्वतःच्या उत्पन्नात लाभांश मोजत, मात्र तुलनेच्या निर्देशांकात तो नसे. म्हणजे शर्यतीत एका धावपटूला काही पावले पुढून सोडले जाई. हा फरक दूर होताच मोठ्या कंपन्यांत निवडीला उरलेला वाव किती तोकडा आहे, हे उघड झाले. मध्यम व लहान कंपन्यांच्या बाबतीत तो अधिक राहिला. भारतीय बचतदाराच्या संयोगात मोठ्या कंपन्यांसाठी निर्देशांक आणि इतरत्र निवड, अशी जी विभागणी आढळते, तिचे मूळ या निर्णयांत आहे.

७. निष्कर्ष

वरील वृत्तान्तातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सक्रिय आणि निष्क्रिय या एकमेकींना संपविणाऱ्या पद्धती नाहीत. १९२९ ने एकीचा अतिरेक आणि १९३० च्या दशकाने दुसरीचा अतिरेक दाखवून दिला. दुसरी, संयोगाचे समर्थन प्रमाणाच्या तत्त्वावर होते. सक्रिय भाग किती असावा हे उत्साहावरून नव्हे, तर निवडीच्या सिद्ध झालेल्या मोलावरून ठरले पाहिजे, आणि ते मोल अल्प असेल तर तो भागही अल्पच हवा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, दोन्ही भाग पृथक् राहिले पाहिजेत आणि त्यांचा खर्च व धोका पुंजीच्या मालकाला दिसला पाहिजे. जेथे हे घडले नाही, तेथे मिश्रण तज्ज्ञांनी केलेले असूनही नुकसान बचतदाराच्या पदरी आले.

१८६८ च्या विश्वस्तांनी लहान माणसाला मोठ्या भांडवलदाराची सोय देऊ केली होती. ती सोय विखुरणीपुरती लवकर मिळाली. प्रमाण ठरविण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारी माहिती त्याच्या हाती येण्यास मात्र आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला. आज गाभा व उपग्रह या पद्धतीची चर्चा करताना कोणता निधी उत्तम, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. इतिहासाच्या दृष्टीने त्यापूर्वीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो : आपण कशाबद्दल मोल देत आहोत, हे मोल देणाऱ्याला ठाऊक आहे काय?